पेशंट पोचला, माहिती वाटेतच!

ऑफिसमधला सगळ्यात डेंजर शब्द कोणता? अप्रेझल? चूक. डेडलाइन? तीही चूक. माझ्या मते तो शब्द आहे ‘हँडओव्हर’! शुक्रवारी संध्याकाळी कलीग बॅग खांद्याला लावतो, दारातूनच ‘सगळं मेलमध्ये टाकलंय रे’ म्हणून हात हलवतो आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गायब. सोमवारी क्लायंटचा फोन येतो. तुम्ही मेल उघडता. त्यात दोन ओळी आणि एक स्मायली! पुढचे तीन दिवस तुम्ही एकच काम करता, त्यानं आधी करून ठेवलेलं सगळं नव्यानं शोधून काढणं.

ऑफिसात फार तर क्लायंट चिडतो. बॉस दोन शब्द ऐकवतो. आपण कँटीनमध्ये जाऊन चहा मारतो आणि विसरतो. आता हाच हँडओव्हर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या दारात इमॅजिन करा. स्ट्रेचर आत सरकतंय, नातेवाईक भांबावलेत, मागं दुसरी गाडी हॉर्न देतेय. ॲम्ब्युलन्समधला डॉक्टर चालता चालता आतल्या डॉक्टरला सांगतो, ‘बीपी लो होतं, सलाइन लावलंय, एक इंजेक्शन दिलंय.’ लो म्हणजे किती? कधी बघितलं? इंजेक्शन कोणतं, किती वाजता? हे प्रश्न सुचेपर्यंत गाडी पुढच्या कॉलला निघालेली असते.

या आठवड्याचा विषय जरा सीरियस आहे, दोस्तहो. पण आई-बाबा गावाकडं आणि स्वतः पुण्या-मुंबईत क्यूबिकलमध्ये, अशी ज्यांची ज्यांची स्टोरी आहे त्या प्रत्येकाशी त्याचा थेट संबंध आहे. विषय आहे ॲम्ब्युलन्समध्ये होणारी पेशंटची नोंद, आणि ती कागदावरून उठून स्क्रीनवर येण्याची गोष्ट.

आधी नकाशा बघू

नरसोबाच्या वाडीला गेला असाल तर बासुंदी नक्की खाल्ली असेल. तिथून अगदी जवळ कुरुंदवाड. तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. एके काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी, आता वीस-बावीस हजार वस्तीचं नगरपालिकेचं गाव. मशिदीत गणपती बसवणारं गाव म्हणून दर गणेशोत्सवात पेपरात झळकणारं. पंचगंगा आणि कृष्णा यांचा संगम शेजारी, चहूकडं ऊस, आणि थोडं पुढं गेलं की कर्नाटक.

आता विचार करा, इथं रात्री अकरा वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर गाडी कुठं न्यायची? जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर, तिथलं सरकारी हॉस्पिटल सीपीआर. त्याहून जवळ इचलकरंजी, तिथलं आयजीएम. आणि मोठ्या उपचारांचं गाव म्हणाल तर मिरज. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथं हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून हा सगळा पट्टा, अगदी उत्तर कर्नाटकातली गावंही, दुखणं वाढलं की मिरजेची वाट धरतात. गंमत म्हणजे कुरुंदवाडकरांना कोल्हापूरपेक्षा मिरज जवळ, पण मिरज सांगली जिल्ह्यात!

म्हणजे पेशंट आधी गावातल्या दवाखान्यात, तिथून ‘पुढं न्या’, मग तिथूनही ‘अजून पुढं न्या’. प्रत्येक टप्प्यावर नवी गाडी, नवा डॉक्टर, नवा केसपेपर. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच, ‘काय झालं?’ सांगणारा माणूसही दर वेळी वेगळा. आधी शेजारी, मग पुतण्या, मग जावई. लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना आपण? एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि शेवटी भलतंच वाक्य बाहेर पडायचं. सेम टू सेम.

१०८ चं काय?

हा नंबर आता गावोगावी पाठ आहे. देशात तो पहिल्यांदा २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाला. कर्नाटकात २००८ मध्ये ‘आरोग्य कवच’ नावानं आला. महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांची. त्यातल्या २३३ गाड्या ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, बाकी ७०४ बेसिकच्या. आपल्याकडचं वैशिष्ट्य असं, की इतर राज्यांत बहुतेक ठिकाणी गाडीत प्रशिक्षित टेक्निशियन असतो, महाराष्ट्रानं गाडीत डॉक्टर बसवला. ड्रायव्हरला म्हणायचं पायलट. आणि कॉल सेंटर उभं राहिलं पुण्यात, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात.

म्हणजे सेवा सुरू झाली तेव्हाची रचना कशी, तर मुलगा बाणेरच्या ऑफिसात कॉफी पितोय, आई कुरुंदवाडहून १०८ लावतेय आणि तिचा फोन वाजतोय मुलापासून चार-पाच किलोमीटरवर! तिथं तो कॉल कॉम्प्युटरवर नोंदला जातो, वेळ आपोआप पडते, गाडीला निरोप जातो. इथपर्यंत सगळं डिजिटल आणि झकास.

खरा प्रश्न त्यापुढचा. गाडीत डॉक्टर आहे, तो तपासतो, औषध देतो. त्यानं डोळ्यांनी जे पाहिलं ते हॉस्पिटलच्या डॉक्टरला कधीच दिसणार नसतं. पेशंट घरात कुठं पडला होता, अंगाला घाम होता का, पहिल्यांदा नाडी किती होती, गाडीत घेताना तो बोलत होता का... ही माहिती जगात फक्त एका माणसाकडं असते, आणि त्याच्याकडं ती सांगायला असतो एखादा मिनिट. फॉर्म भरला तरी धावत्या गाडीत, रस्त्यातल्या खड्ड्यांसकट भरलेला. त्याची एक प्रत केसपेपरच्या मागं कुठंतरी टाचली जाते. खासगी ॲम्ब्युलन्स असेल तर अनेकदा फॉर्मचाही पत्ता नसतो.

फंडा काय आहे?

इलेक्ट्रॉनिक पेशंट केअर रेकॉर्ड, शॉर्टमध्ये ईपीसीआर. नाव जड, फंडा सोपा. गाडीत एक दणकट टॅब. कॉल सेंटरकडून पत्ता आणि वेळ त्यात आधीच भरून येते. मॉनिटरवरचे नाडी, बीपी, ऑक्सिजनचे आकडे वायरशिवाय थेट त्यात उतरतात. ईसीजीचा आलेख जोडला जातो. औषध दिलं की एका टिचकीत नाव, डोस आणि वेळ. आणि हे सगळं पेशंट वाटेत असतानाच हॉस्पिटलच्या स्क्रीनवर दिसायला लागतं. म्हणजे पेशंटच्या आधी पेशंटची माहिती पोचते. आतले लोक तयारीला लागतात.

आयटीवाल्यांसाठी त्यांच्या भाषेत सांगते. एक पेशंट, एक तिकीट. तिकीट बंद होईपर्यंत प्रत्येकानं त्याच तिकिटात अपडेट टाकायचा. नवं तिकीट उघडायचं नाही, बॉस!

यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळा. कॉल कधी आला, गाडी कधी हलली, घटनास्थळी कधी पोचली, पेशंटपाशी डॉक्टर कधी पोचला, गाडी कधी निघाली, हॉस्पिटल कधी गाठलं, ताबा कधी दिला. सात वेळा. ‘गाडी पोचली’ आणि ‘पेशंटपाशी पोचलो’ या दोन वेगळ्या नोंदी कशाला, असं वाटतं ना? मुंबईत लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचा पाचवा मजला चढायचा असतो. कुरुंदवाडच्या बाजूला मळ्यातली वस्ती असते. गाडी डांबरी रस्त्यावर थांबते आणि स्ट्रेचर उसाच्या बांधावरून आत जातं. ती दहा मिनिटं कुठं गेली हे नोंदीशिवाय कुणाला कधीच कळणार नाही.

‘सकाळपासून’ म्हणजे किती वाजल्यापासून?

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आई-बाबा शिरोळ तालुक्यात. एक दिवस सकाळी बाबांची जीभ जड झाली, उजवा हात उचलेना. भाऊ दुकानातून धावत आला, खासगी ॲम्ब्युलन्स मिळाली, एका हॉस्पिटलात नेलं. तिथून दुसरीकडं. दुसरीकडच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न लावून धरला, ‘शेवटचं एकदम नीट कधी बघितलं होतं?’

उत्तर फक्त आईकडं होतं. ती घरी राहिली होती आणि तिचा फोन उचलला जात नव्हता. भावाला माहीत नव्हतं, तो दुकानात होता. पहिल्या केसपेपरवर एक शब्द होता, ‘सकाळपासून’. आता सकाळ म्हणजे पाचची, सातची की नऊची? पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळ नक्की माहीत नसेल तर डॉक्टर तो जुगार खेळू शकत नाहीत, कारण त्याच इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. इंजेक्शन दिलं गेलं नाही. दुपारी आईशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की साडेसहाला बाबा दूधवाल्याशी व्यवस्थित हिशोब करत होते.

त्या इंजेक्शनानं बाबांचा हात नक्की वाचला असता का? तसं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण चान्स होता, आणि तो एका शब्दात गेला. मैत्रिणीचं वाक्य मला विसरता येत नाही. ‘आम्ही एक बटण चुकीच्या रंगाचं दिसलं तरी बग रिपोर्टमध्ये सेकंदापर्यंतची वेळ टाकतो. आणि बाबांच्या पेपरवर नुसतं सकाळपासून!’

चांगल्या ईपीसीआरमध्ये ही जागा मोकळी सोडताच येत नाही. पक्षाघाताची शंका टिक केली की स्क्रीन विचारतो, ‘शेवटचं नीट कधी?’ गाडीतल्या माणसाला आठवण ठेवावी लागत नाही. आणि तो अजून घरातच असतो, आई समोर उभी असते, तेव्हाच प्रश्न विचारला जातो.

दुसरं उदाहरण घ्या. उसाचा हंगाम, रात्रीची वेळ, पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. बाइकवाला धडकतो. डोक्याला मार लागला की शुद्ध मोजायला डॉक्टर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी काढलेली ही पद्धत. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ मार्क. १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत. आता हॉस्पिटलात पोचल्यावर मार्क पडले ९. हा आकडा वाईट आहेच. पण रस्त्यावर उचलला तेव्हा १४ होते आणि अर्ध्या तासात ९ झाले, हे कळलं तर चित्र पार बदलतं. आत काहीतरी वेगानं बिघडतंय, सीटी स्कॅन आणि सर्जन आत्ताच्या आत्ता हवेत. एकटा ९ हा फोटो आहे. १४ ते ९ हा सिनेमा आहे. आणि सिनेमाचा पहिला भाग फक्त ॲम्ब्युलन्सनं पाहिलेला असतो.

तिसरं, साप. उसाच्या पट्ट्यात हे नवीन नाही. इथं तर डॉक्टर मंडळींची जुनी युक्ती आहे. सूज जिथपर्यंत चढलीय तिथं कातडीवर पेनानं रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची. पुढचा डॉक्टर रेघ बघतो आणि त्याला कळतं, सूज किती वेळात किती वर गेली. कागद हरवतो, पाय हरवत नाही! नोंद म्हणजे काय ते यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

व्हॉट्सॲप आहे ना!

हा आक्षेप येणारच. आणि तो खराही आहे. आज कितीतरी ठिकाणी ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवरूनच मोठ्या डॉक्टरकडं जातो आणि त्यानं जीव वाचतात. पण तो फोटो कुणाचा? चॅटमध्ये नाव नसतं, मग दोन पेशंटचे फोटो एकाखाली एक आले की गोंधळ. डॉक्टरनं फोन बदलला की नोंद गेली. वर्षानंतर कुणाला शोधायची म्हटली तर मिळत नाही. आणि अपघातात सापडलेल्या माणसाचा फोटो त्या ग्रुपवरून ह्या ग्रुपवर, तिथून गावभर, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. उद्या तो माणूस आपल्या घरातला असू शकतो. माणसाच्या डिजिटल माहितीला संरक्षण देणारा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. फॉरवर्ड करणारं बोट मात्र अजून जुन्याच सवयीचं आहे.

बरं, हॉस्पिटलांची सिस्टिमही एकमेकींशी बोलली पाहिजे. नाहीतर इचलकरंजीतलं सॉफ्टवेअर मिरजेत उघडणार नाही आणि आपण परत प्रिंटआउट काढत बसू. केंद्र सरकारनं इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचे नियम २०१३ मध्ये काढले, २०१६ मध्ये सुधारले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर आलं आणि त्यासोबत आभा, म्हणजे १४ आकडी आरोग्य नंबर. पाया घातला गेलाय. कुरुंदवाडसारख्या गावाला, जिथं जिल्ह्याची सीमा जवळ आणि राज्याचीही जवळ, या एकसारखेपणाची गरज पुण्यापेक्षा जास्त आहे. पुण्यात पेशंट एका पेठेतून दुसरीत जातो. इथं तो दोन जिल्हे आणि कधी दोन राज्यं ओलांडतो.

स्क्रीन म्हणजे जादू नव्हे

आता जरा दुसरी बाजू. टॅब वाटले, फीत कापली, फोटो छापून आला, झालं? असं नसतं. लंडनची गोष्ट ऐका. २६ ऑक्टोबर १९९२ ला लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसनं गाड्या पाठवण्यासाठी नवीन कॉम्प्युटर सिस्टिम एका दमात चालू केली. नीट टेस्टिंग झालं नव्हतं, माणसांचं ट्रेनिंग अपुरं होतं. गाड्या नक्की कुठं आहेत हे सिस्टिमला धड कळेना, कॉल रांगेत अडकले, एकाच ठिकाणी दोन दोन गाड्या आणि दुसरीकडं एकही नाही. दीड दिवसात निम्मं काम परत हातानं सुरू करावं लागलं आणि ४ नोव्हेंबरला सिस्टिम पूर्णच बसली. मग पुन्हा कागद आणि पेन. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कॉलेजांत ही केस आजही शिकवतात. टेस्टिंगवाली माझी मैत्रीण ही गोष्ट ऐकून म्हणाली, ‘बघ, आमच्याशिवाय चालत नाही!’

आपल्याकडं तर अजून वेगळ्या गोष्टी. वाटेत रेंज जाते, म्हणून नोंद आधी टॅबमध्येच साठली पाहिजे आणि रेंज आली की पुढं गेली पाहिजे. हातात ग्लोव्ह्ज असतात, त्यावर रक्त असतं, म्हणून बटणं मोठी हवीत. पेशंट आणि नातेवाईक मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगणार आणि स्क्रीन इंग्रजीत विचारणार, म्हणून भाषेचा विचार हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टरची नजर पेशंटवर हवी. पन्नास रकाने भरायला लावणारा टॅब हा कागदापेक्षा वाईट. गाडीत माणसं दोनच आणि त्यातला एक गाडी चालवतोय.

आणि पूर! २००५, २०१९, २०२१... या तालुक्याला वर्षं सांगावी लागत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यानं वेढली, कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू हायवेसुद्धा कित्येक दिवस बंद राहिला. अशा वेळी पेशंट बोटीतून निघतो. औषधाची पिशवी आणि दहा वर्षांच्या रिपोर्टची फाइल माळ्यावर राहते किंवा भिजते. छावणीतल्या डॉक्टरसमोर माणूस बसतो आणि सांगतो, ‘साहेब, एक पांढरी गोळी असती, एक बारकी लाल.’ त्या दिवशी नोंद ढगात, म्हणजे सर्व्हरवर, असण्याचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

उलट टपाली

नोंदीचा आणखी एक फायदा आहे, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला, ज्याला त्यानं पोचवलं त्या माणसाचं पुढं काय झालं हे सहसा कळतच नाही. हार्ट ॲटॅक म्हणून आणला, निघालं काय? डोस बरोबर होता का? तुम्ही रोज कोड लिहिताय आणि तो चालला की नाही हे कुणी कधीच सांगत नाही, अशी नोकरी कराल का? नोंद जोडलेली असली तर हॉस्पिटलातलं निदान उलट टपाली गाडीपर्यंत येऊ शकतं. माणूस शिकतो, पुढचा पेशंट जास्त चांगल्या हातात पडतो.

आणि हिशोबही होतो. १०८ सुरू झाली तेव्हा शहरात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचं असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. ते पाळलं जातं की नाही हे भाषणातून कळत नाही, सात वेळांच्या नोंदीतून कळतं. अमेरिकेत राज्याराज्यांतल्या ॲम्ब्युलन्सच्या नोंदी एकाच साच्यात एका राष्ट्रीय डेटाबेसमध्ये जमा होतात, नाव-गाव काढून. त्यातून समजतं, कुठं गाडी उशिरा पोचते आणि कुठल्या औषधाचा उपयोग होतो. आपल्याकडं एका तालुक्याच्या एका हंगामाच्या नोंदी जरी अशा एकत्र मांडल्या, तरी कोणत्या वळणावर ट्रॉल्या माणसं मारतात हे नकाशावर लाल ठिपक्यांत दिसेल. मग रिफ्लेक्टर कुठं लावायचे यावर वाद घालायला कुणाला जागा उरणार नाही.

कुरुंदवाडचा एक जुना पेशंट

या गावाचा सगळ्यात प्रसिद्ध सुपुत्र कोण? पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहान असताना नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळ्यांना इजा झाली. गावात तसा तातडीचा इलाज नव्हता. उपचारासाठी त्यांना नेलं कुठं, तर मिरजेला! रूट तोच, दीडशे वर्षं होत आली तरी. डोळे अधूच राहिले, पण मिरजेतल्या डॉ. भडभड्यांनी मुलाचा गळा ओळखला आणि गाणं शिकवायला सुचवलं. मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरू म्हणून लाभले. पुढं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तो इतिहास आपल्याला माहीत आहे.

पण मला त्यांचं एक काम इथं सांगायचंय. तोवर गाणं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात जायचं. मध्ये एखादा दुवा तुटला की बंदिश गेली. पलुस्करांनी गाणं कागदावर उतरवायची स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली. तेव्हाही लोक म्हणालेच असतील, की लिहून का कुठं गाणं येतं? नाहीच येत. गायला गवईच लागतो. पण लिहिलेलं असलं की पुढच्याला शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. ॲम्ब्युलन्समधल्या नोंदीकडून तरी आपण यापेक्षा जास्त काय मागतोय?

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

सिस्टिम येईल, सुधारेल, त्याला वेळ लागेल. आई-बाबांच्या बाबतीत मात्र काही गोष्टी याच वीकेंडला होऊ शकतात. खर्च शून्य.

* एक पान. नाव, वय, रक्तगट, आजार, चालू गोळ्या डोससकट, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशन्स, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन. मोठ्या अक्षरात. जागा ठरलेली, फ्रिजचं दार किंवा देवघराशेजारची भिंत. फाइलमध्ये घालून कपाटात ठेवलं तर उपयोग नाही!

* गोळ्यांचा फोटो. पाकिटावरचं नाव दिसेल असा, फॅमिली ग्रुपवर. गोळी बदलली की फोटो बदला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा. डोक्याला मार लागला किंवा पक्षाघात झाला तर डॉक्टर हेच आधी विचारतात.

* फोनमधली इमर्जन्सी माहिती. स्मार्टफोनमध्ये ही सोय असते. भरून ठेवली की लॉक न उघडताही ती वाचता येते. आई-बाबांच्या फोनमध्ये तुम्हीच भरून द्या.

* आभा. नंबर काढा, जुने रिपोर्ट जोडा. पण एक गोम लक्षात ठेवा. माहिती बघायला परवानगी लागते, ओटीपी येतो, आणि बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही. म्हणून वरचं पान रद्द होत नाही.

* घड्याळ बघायची सवय. काहीही झालं तरी ग्रुपवर एक ओळ टाका, ‘बाबांचं बोलणं अडखळतंय, पाच मिनिटांपूर्वी नीट होते.’ मेसेजवर वेळ आपोआप पडते. सोबत जाणाऱ्याच्या खिशात ही नोंद आपोआप पोचली.

* गाडी सोडण्याआधी. ॲम्ब्युलन्समध्ये फॉर्म भरला असेल तर त्याचा फोटो काढून घ्या. नसेल तर तीन गोष्टी विचारा आणि टाइप करा. पहिलं बीपी किती होतं, काय दिलं, किती वाजता दिलं.

* जिनं पाहिलं ती सोबत. गाडीत एकच नातेवाईक बसणार असेल तर सगळ्यात धडधाकट नको, ज्यानं घटना डोळ्यांनी पाहिली तो बसू दे. बहुतेक घरांत ती आई असते आणि तिलाच आपण ‘तू घरी थांब’ म्हणतो.

तर रविवारी गावाकडं फोन लावाल तेव्हा ‘जेवलात का’ आणि ‘पाऊस काय म्हणतोय’ झालं, की एक प्रश्न जास्तीचा विचारा. ‘बीपीच्या गोळीचं नाव काय गं?’ पलीकडून ‘ती पांढरी’ असं उत्तर आलं, तर पुढच्या शनिवारची कोल्हापूरची गाडी बुक करा.